अकराव्या अध्यायात अडलेली पोथी

हडंबा लागला की मी कान टवकारतो. हडंबा म्हणजे धान मळायचं यंत्र. ट्रॅक्टरला जोडतात, एका तोंडाने भारे गिळतो, खालून धान सोडतो आणि मागून तणसाचा नि धुळीचा लोट उडवतो. आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरली की गावोगाव हा आवाज सुरू होतो. बाकीच्यांना तो ऐकून बरं वाटत असणार, वर्षाचं पीक घरात येतंय म्हणून. मी साकोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. खिडकीबाहेर, हायवेच्या पलीकडे हडंबा घरघरला की फळ्यावर काढत असलेला माझा नकाशा मध्येच थांबतो. 'सर, गोदावरी राहिली,' पोरं म्हणतात. राहू दे गोदावरी. माझं मन तेव्हा करडीला पोचलेलं असतं. तिथं आज हडंबा कुणाच्या खळ्यावर लागला, वारा कुठल्या बाजूचा आहे, बाईच्या खोलीची खिडकी कुणी लावली की नाही, हे विचारायला मी तास संपायची वाट बघत असतो.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. मोठ्या बहिणीला आम्ही बाईच म्हणतो. करडी तिचं सासर, गावात तिला लीलाबाई म्हणून ओळखतात. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला धूळ चालत नाही. आणि हा सगळा हंगामच धुळीचा.

एके काळी मला हेच दिवस सगळ्यात आवडायचे. सकाळी बांध्यांवर, म्हणजे धानाच्या वाफ्यांवर, धुकं बसलेलं असायचं, त्यातून कापलेल्या धानाचा गोडसर वास यायचा. धान निघालेल्या ओल्या बांधीत लाखोरीच्या डाळीचे कोवळे वेल पसरलेले असायचे आणि आम्ही पोरं जाता-येता त्यांचे शेंडे खुडून तोंडात टाकायचो. नव्या तांदळाचा चिकट भात, त्यावर वांग्याचं झणझणीत कालवण. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गप्पा सुरू झालेल्या असायच्या, कुणाची जोडी यंदा पळणार यावर मोठी माणसं तावातावाने भांडायची. या सगळ्यात माणसं खोकायची सुद्धा. धानाची धूळ घशात बसते, त्यामुळे मळणीच्या दिवसांत आमच्याकडे न खोकणारा माणूस शोधून सापडायचा नाही. खोकणं हे त्या हंगामाचंच एक अंग होतं, त्याकडे कोण लक्ष देणार. आता मात्र स्टाफरूममध्ये कुणी नुसता घसा खाकरला तरी मी मान वळवून बघतो, आणि तो बिचारा ओशाळतो.

मी मुळातच भित्रा. लहानपणी मला तळ्याचं पाणी भिववायचं, पोळ्याचे बैल भिववायचे, दंडारीतला, म्हणजे गावच्या नाटकातला, रंगवलेला राक्षस भिववायचा. आई लवकर गेली, त्यामुळे माझी सगळी भीती बाईच्या वाट्याला आली. राक्षस आला की मी तिच्या पदरात तोंड खुपसायचो. ती मला ओढून बाहेर काढायची आणि म्हणायची, 'पाह्य तं खरी गा, पाय कोनाचे हायेत. आपला शिंपी हाय तो.' राक्षसाच्या पायात शिंप्याचीच चप्पल असायची. तरी माझी भीती जायची नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते माझ्याकडे बघूनच कुणाला तरी सुचलं असावं.

करडीत बाईच्या आळीत धान घरी आलं की बाया पोथी लावतात. अठरा अध्यायांची ती पोथी, रणांगणावर रथात बसून सांगितलेली, सगळ्यांना ठाऊक आहे. पद्धत अशी की एकीने वाचायचं आणि दुसरीने अर्थ सांगायचा. वाचणारी कोणीही चालते, अर्थ सांगणारी मात्र ठरलेली असते. आधी बाईचे सासरे सांगायचे, त्यांच्यामागे बाई सांगू लागली. ती नावं फारशी घ्यायची नाही. रथ हाकणारा देव तिच्या तोंडी 'धुरकरी' व्हायचा, कारण आमच्याकडे गाडी हाकणाऱ्याला धुरकरीच म्हणतात, आणि तो शूर योद्धा नुसताच 'गाडीत बसनारा'.

'गाडीत बसनारा म्हनते, धुरकऱ्या, दोन्ही फौजाईच्या मधात ने गाडी, मले पाहू दे कोन कोन आलं हाय. पाह्यलं तं समदे आपलेच. काका हाय, मामा हाय, शिकवनारा मास्तर हाय. हातपायच गळाले त्याचे. म्हने, मी नाई लढत जा. अन् धुरकरी काय करते? धुरकरी हासते.'

बाया पण हसायच्या. मी एकदा त्यांना पुस्तकातला छापील अर्थ वाचून दाखवला होता. त्यांनी तो पदर सावरून, मुकाट्याने ऐकून घेतला. नंतर एकजण म्हणाली, 'पुस्तकातला देव तालुक्याच्या सायबावानी बोलते जी. समजते, पन आपल्याशी बोलून रायला असं वाटत नाई.'

ही पोथी फोनात गेली ती सुगंधामुळे. सुगंधा बाईच्या आळीतली. त्या वर्षी लवकर येणारं हलकं धान निघाल्याबरोबर ती नवरा आणि लेकरू घेऊन परजिल्ह्यातल्या वीटभट्टीवर जायला निघाली होती. जाताना म्हणाली, 'यंदा माही पोथी चुकते वो बाई. फोनात पाठवशीन का?' बाईने माझ्याकडे बघितलं. सुटीला गेलो होतो, नाही म्हणायला कारण नव्हतं.

मग मी लागलो कामाला. आवाज टिपायचं एक फुकटचं ॲप फोनात घेतलं. कापाकापी करायचं सॉफ्टवेअर कॉलेजच्या संगणकावर मोफतच मिळालं. पाठवायला एक ग्रुप केला. खर्च काही नाही, शिकवणारे व्हिडिओसुद्धा फुकट. त्यातल्या एकात सांगितलं होतं की रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, भोवती गाद्या-उशा लावा. बाईकडे एवढ्या गाद्या कुठल्या. आम्ही धानाची पोती रचली. पोत्यांच्या त्या खोपटात बसून बाई बोलायला लागली आणि मी कानाला हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा तिचा आवाज इतका जवळून आला की मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. फक्त हडंबा बंद असायला हवा. म्हणून गडीमाणसं जेवायला बसली की आमचं काम चालायचं. कॉलेज सुरू झाल्यावरही मी सुटी मिळेल तसा येत राहिलो.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली, जी फक्त आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकते. पोथी लावताना पाटावर तांदळाची रास घालतात, सुपारी आणि नारळ ठेवतात, हळदकुंकू वाहतात आणि संकल्प सोडतात. बाईने पोथीशेजारी फोन ठेवला, त्यालाही हळदकुंकू लावलं आणि नेहमीसारखा संकल्प सोडला. 'ऐकनाऱ्यानं आपल्या घरी नारळ ठेवाचं, पोथी पुरी झाल्याबिगर उचलाचं नाई,' हेसुद्धा नेहमीसारखंच म्हणाली. मी ते तसंच ठेवलं, कापण्यासारखं त्यात काय होतं. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे की लावलेली पोथी अर्धी सोडत नाहीत. अर्ध्यात नारळ उचलला तर घरात काही ना काही होतं. करडीच्या ओसरीत बसलेल्या बायांना ते सांगणं वेगळं, आणि फोनातून सोडून देणं वेगळं, हे तेव्हा ना बाईच्या ध्यानात आलं ना माझ्या.

दोन-तीन अध्याय गेले आणि सुगंधाच्या भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर, तिथून कुठकुठल्या गोदामांत, गिरण्यांत, दूरच्या शहरांतल्या आमच्याकडच्या माणसांपर्यंत बाईचा आवाज पोचला. स्टाफरूममध्येही पोचला. एक सहकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, 'काय हो, देवाच्या तोंडी काहून आणि कायले? लोकांना चालेल का हे?' झालं. मला रात्रंदिवस एकच दिसू लागलं, कुणाच्या तरी भावना दुखावल्या आहेत आणि लोक करडीच्या दिशेने निघाले आहेत. त्यातच एका अनोळखी नंबरवरून सारखे फोन येऊ लागले. मी उचलेना. आपणच हात दाखवून अवलक्षण केलं, असं मनात म्हणत होतो. शेवटी एकदा चुकून उचलला गेला. पलीकडून एक थकलेला पुरुषी आवाज म्हणाला, 'मास्तर, पुढचा अध्याय कवा येते जी? म्या नारळ ठेवून देलं हाय अन् इथं उंदरं लय हायेत.' तो कुठल्याशा गोदामावर राखणदार होता, मूळचा पवनीकडचा. बाईला सांगितलं तेव्हा ती पोत्यांना टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि हसताहसता खोकली.

साकोलीजवळच्या एका गावातल्या रेवंताचाही फोन आला. ती शाळेत शिकवते. तिच्या घरी पोवारी बोलतात, आणि तिच्या सासूला बाईची बोली समजत असली तरी तिला वाटत होतं की हे आपल्या बोलीत असावं. 'बाईंनी सांगितलं की मी तेच आमच्या बोलीत सांगते, चालेल का?' असं तिने विचारलं. बाई म्हणाली, 'मले काय इचारते, पोथी का माह्या बापाची हाय?' मग बाईचा अध्याय गेला की मागोमाग रेवंताचा जायचा. तीही फुकटचंच ॲप वापरायची. मला पोवारी अर्धी-मुर्धीच कळते, तरी मी ते ऐकायचो. बाई जिथे थांबायची तिथेच रेवंता थांबायची.

आणि मग फोटो येऊ लागले. पाटावरचे नारळ, खाटेखालचे नारळ, कच्च्या विटांच्या चळतीवर ठेवलेला सुगंधाचा नारळ, गोदामात उंदरांच्या भीतीने टोपलीखाली झाकलेला राखणदाराचा नारळ. प्रत्येक नारळापुढे एक फोन. आधी मला गंमत वाटली. मग एके दिवशी फोटो चाळताना अंगावर काटा आला. एवढी माणसं नारळ ठेवून बसली होती आणि ती सगळी एका बाईच्या गळ्यावर अवलंबून होती.

अकरावा अध्याय आला तेव्हा उशिरा येणाऱ्या भारी धानाची मळणी ऐन भरात होती. हाच तो अध्याय, ज्यात धुरकरी आपलं खरं रूप दाखवतो आणि गाडीत बसणाऱ्याची बोबडी वळते. बाई ते सांगताना हडंब्याचाच दाखला द्यायची. 'ज्याच्या खांद्यावर हात ठेवून हासत होता, त्याचं तोंड उघडलं, अन् हडंब्यात भारे जाते तसे समदे राजे, समदे योद्धे त्या तोंडात जाऊन रायले. कोनी थांबत नाई. गाडीत बसनारा पाह्यते अन्...' इथे तिचा आवाज गेला. तुटला, घोगरा झाला, आणि मग नुसती हवा येऊ लागली. ती पाणी प्यायली, तिने हाताने खूण केली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा त्याच ठिकाणी आवाज गेला. भाऊजी दारात उभे होते. म्हणाले, 'धूर गेला असन घशात. उद्या सांग.' उद्या तर आवाज उमटेचना.

तिचा खोकला जुना होता हे मग आम्हाला आठवायला लागलं. भादव्यापासून होता, की त्याही आधीपासून? भाऊजींना आठवेना. मळणीच्या दिवसांत सगळेच खोकतात, त्यात तिचा वेगळा कसा ओळखायचा. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घशात बघितलं आणि आढेवेढे न घेता म्हणाले, नागपूरला दाखवा. नागपूरच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली आणि शेजारच्या पडद्यावर बाईचा गळा दिसू लागला. मी तिथे नसतो तर बरं झालं असतं. लाल, ओली, उघडझाप करणारी ती गुहा आणि तिच्या कडेला पांढरट, खडबडीत असं काही तरी. मन चिंती ते वैरी न चिंती. मला त्या पडद्यावर अकरावा अध्यायच दिसला. ज्या माणसाच्या पदरात आपण लपत आलो, त्याच्याच आत एवढं भयंकर काही असू शकतं, हे मी बघत राहिलो. बाई मात्र पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते. तोपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजताना गळ्यावर जास्त ताण येतो, असं त्यांनी दोनदा बजावलं. मला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं, 'तंबाखू? खर्रा?' नाही, तिने कधीच नाही. 'चूल?' चूल तर जन्मभर. त्यांनी मान डोलावली.

ते दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. मी रजा टाकून करडीलाच राहिलो. घरात भाऊजी हळू बोलत, मी हळू बोले, जणू आमच्याही गळ्यांना बंदी होती. फोन वाजला की वाटायचं, रिपोर्ट. आणि फोन तर सारखा वाजायचा, कारण ग्रुपवर माणसं वाट बघत होती. 'बाईले सांगा, आमचं नारळ तसंच हाय.' 'अकरावा अध्याय अडला मनतेत, खरं का जी?' रेवंताने फक्त एवढंच विचारलं, 'बाई बऱ्या आहेत ना?' मी उत्तर दिलं नाही. मला खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायची छाती नव्हती.

मग सुगंधाचा आवाज आला. तिने बोलून पाठवलं होतं आणि मी ते बाईसमोरच लावलं, ही माझी अक्कल. ती रडत होती. 'बाई, लेकराले ताप हाय, उतरून नाई रायला. सासू म्हनते पोथी अडली म्हनून. मी नारळ उचलू का नोको उचलू? उचललं तं अजून काई होईन का?' मी तिला ताबडतोब फोन केला, आधी लेकराला दवाखान्यात ने म्हणून रागावलो, भट्टीच्या मुकादमाशी बोललो, त्याने गाडी दिली. दुपारी कळलं की दवाखान्यात औषध सुरू झालं आहे. शिकलेल्या माणसाने करायचं ते सगळं मी केलं. पण खरं सांगू? फोन ठेवल्यावर माझ्या मनात जो विचार आला तो शिकलेल्या माणसाचा नव्हता. पोथी अडली म्हणून लेकराला ताप आला असेल, तर बाईच्या गळ्यात जे आहे तेही पोथी अडली म्हणूनच असेल का? आणि पोथी पुरी झाली, तर? मी मोठ्याने बोललो नाही. पण बाईच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा दिसलं की ती सुद्धा सुगंधाच्या लेकराचाच विचार करते आहे, स्वतःच्या गळ्याचा नाही.

ती उठली, पोत्यांच्या खोपटात जाऊन बसली आणि फोन पुढे ओढला. भाऊजींनी तो झडप घालून काढून घेतला आणि धान साठवायच्या ढोलीवर ठेवून दिला. 'बोलशीन तं मी घर सोडून जाईन,' ते म्हणाले. आयुष्यभर त्यांनी तिला उंच आवाजात काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बाईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बोट केलं.

मी? मी वर्गात बोलतो, पण ते पुस्तकातलं. आमची बोली मी कॉलेजात असताना घासूनपुसून तोंडातून काढून टाकली होती, कारण नागपूरच्या होस्टेलवर पोरं हसायची. आणि पोथीचा अर्थ सांगायचा म्हणजे घराण्याची गादी असते एक प्रकारे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. बाईने माझा हात धरून मला खाली बसवलं. गडी जेवायला गेले होते, हडंबा थांबला होता. भाऊजींनी ढोलीवरचा फोन काढून माझ्यापुढे ठेवला.

मी सुरू केलं, 'तेव्हा तो योद्धा भयभीत होऊन म्हणाला...' बाईने माझ्या मांडीवर थाप मारली. नाही. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा थाप. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले. धानाचा वास येत होता, पोत्याचा खरखरीत स्पर्श पाठीला होता आणि शेजारी बाईचा श्वास ऐकू येत होता, घरघरणारा, अडकत येणारा.

'गाडीत बसनारा पाह्यते,' मी म्हणालो, 'अन् त्याले काई सुचत नाई. म्हनते, मी तुले आपला समजत होतो. तुह्याशी भांडलो, तुह्या ताटातलं खाल्लं, तू येवढा मोठा हायेस हे मले मालूम नव्हतं. आता पाह्यलं अन् मले दिशा कळून नाई रायली. तुह्या आतमधी काय हाय ते नोको दाखवू मले. पयल्यासारखी होय. मले तुहं पयलंच रूप पाह्यजे. मले भेव लागते, बाई. मले लय भेव लागते.'

'बाई' म्हणून गेलो ते मला म्हटल्यावर कळलं. थांबायला हवं होतं, पण पुढे धुरकऱ्याचं उत्तर होतं. तो आपलं भयंकर रूप आवरतो आणि त्याला धीर देतो, हे पोर सुद्धा सांगेल. मला ते शब्द म्हणता येईनात. कुणाच्या तोंडाने म्हणणार? ज्याला स्वतःलाच धीर नाही त्याने देवाच्या वतीने तो कसा द्यायचा. फोन पुढ्यात होता, त्याचा लाल ठिपका लुकलुकत होता, आणि मी मान खाली घालून रडत होतो. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाई पुढे वाकली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि फोनाजवळ तोंड नेऊन, जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात म्हणाली, 'भेऊ नोको गा.'

मग मी डोळे पुसले आणि अध्याय पुरा केला.

तो अध्याय मी कापाकापी न करता पाठवला. कापायला हातच झाला नाही. सुगंधाने लिहिलं की लेकरू जेवलं. राखणदाराने लिहिलं, 'धुरकऱ्याले बाई म्हनलं तरी ते ऐकते जी.' रेवंताने तो अध्याय पोवारीत सांगितला तेव्हा तिच्याही तोंडी तो योद्धा देवाला बाईच म्हणाला. मी विचारलं तर ती म्हणाली, 'मला वाटलं, पोथीत तसंच असेल.' तिला खरं काय ते मी सांगितलं नाही, आणि आजही तिकडच्या घरांत तो अध्याय तसाच ऐकला जातो.

रिपोर्ट आला. आम्हाला भीती होती तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल. ऑपरेशनला नेईपर्यंत बाईने पुन्हा शब्द काढला नाही, बजावलं होतं म्हणून. मी डॉक्टरांना एकट्याने गाठून विचारलं की मध्ये ती थोडंसं बोलली होती, त्याने काही बिघडलं का. त्यांनी हसून सांगितलं की त्याने काहीच फरक पडला नाही. मी मान डोलावली, पण माझी भीती डॉक्टरांचं ऐकत नाही. उरलेले अध्याय मी ऑपरेशनच्या आधीच, बाईला शेजारी बसवून सांगितले. तिची थाप खात खात माझ्या तोंडात बोली परत आली. ठिकठिकाणी नारळ फुटले.

आता बाईच्या गळ्यावर समोर एक छिद्र आहे. त्यातूनच ती श्वास घेते, आणि धूळ जाऊ नये म्हणून त्यावर पातळ ओलं फडकं बांधते. ती बोलत नाही. शेतावर जाते, स्वयंपाक गॅसवर करते, शेजारणींशी हातवारे करून भांडते सुद्धा. नागपूरला तपासणीला जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून मला जेवण जात नाही, आणि ती माझ्या ताटात आग्रहाने वाढत राहते.

यंदा पोथी लावली आहे. ओसरीत बाया बसल्या आहेत, फोन पाटावर आहे, पलीकडे कुठकुठे नारळ ठेवून माणसं ऐकत आहेत. सुगंधाही या वर्षी गावातच आहे, तीच वाचते. अर्थ मी सांगतो. काल अकरावा अध्याय होता. भाऊजींनी शेजारच्या खळ्यावर जाऊन हडंबा थांबवायला सांगितला. मी सांगत गेलो, उघडलेल्या तोंडापर्यंत आलो, 'मले भेव लागते' पर्यंत आलो. ते म्हणताना माझा आवाज कापतो, आणि ते सोंग नसतं. पुढचं उत्तर मात्र मी देत नाही. दुसऱ्या फोनात दोन वर्षांपूर्वीचा तो तुकडा ठेवला आहे, तो लावतो.

'भेऊ नोको गा,' बाईचा आवाज म्हणाला. बायांनी हात जोडले.

बाई समोरच भिंतीला टेकून बसली होती, स्वतःचा आवाज ऐकत. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. मी तिच्या गळ्यावरच्या फडक्याकडे बघत होतो. क्षणभर ते हललं नाही. मग हललं, आत गेलं, बाहेर आलं, आणि मी पुढचं सांगायला घेतलं.